दादाची गोल्ड आणि तुमची एमरल्ड: पुरातून निघालेल्या दोन कॅसेट

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीच्या गावभागातल्या तुमच्या माहेरी ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात एक डबा होता. त्यात गेम बॉय ॲडव्हान्स हा हातात धरून खेळायचा कन्सोल आणि त्याच्या दोन गेम कॅसेट: दादाची पोकेमॉन गोल्ड आणि तुमची पोकेमॉन एमरल्ड. पाणी उतरल्यावर आईंनी सगळं पुसलं, वाळवलं आणि ठेवून दिलं. या मे महिन्यात तुम्ही ते काढून नवे सेल घातलेत आणि कन्सोल चालू झाला. गोल्डमध्ये मात्र जुना गेम पुढे चालू करण्याचा पर्यायच दिसत नाही. नव्याने दोन तास खेळून सेव्ह केलात, तर तोही दुसऱ्या दिवशी गायब. एमरल्डचं उलटं आहे. सुरुवातीलाच आतली बॅटरी संपल्याची इंग्रजी सूचना येते, पण तुमचा शाळेतला सेव्ह जसाच्या तसा आहे. तुम्ही विचारता, दादाचा सेव्ह परत मिळेल का, हे आता कशावर खेळावं, आणि छत्तिसाव्या वर्षी हा गेम पुन्हा खेळण्यात काही राम आहे का.

मी सांगलीत वीस वर्षं मोबाईल आणि गेम दुरुस्त करतोय. २०१९ च्या पुरानंतर गाळाने भरलेल्या कॅसेटचे डबेच्या डबे माझ्या टेबलावर आले होते, त्यामुळे तुमच्या डब्याची अवस्था मला न बघताही बरीचशी कळते. आणि गोल्ड मी स्वतः चार वेळा संपवलाय, शेवटचा गेल्या वर्षी.

आधी वाईट बातमी. दादाचा सेव्ह गेला. तो आता कुठल्याही यंत्राने परत येणार नाही. कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणालं तर देऊ नका.

कारण असं. गोल्डच्या कॅसेटमध्ये सेव्हसाठी ३२ केबीची एक चिप असते. तिला सतत वीज लागते. कन्सोल चालू असतो तेव्हा ती वीज कन्सोलमधून मिळते, आणि बंद केल्यावर कॅसेटमधल्या बटण सेलवरून. हा सेल सीआर२०२५. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, २.५ मिलिमीटर जाडी, आणि दाब ३ व्होल्ट. सेल मेला की कन्सोल बंद केल्याक्षणी चिप सगळं विसरते. तुमचे दोन तास असेच गेले. सेव्ह करताना गेमने ‘झालं’ म्हणून सांगितलं ते खरंच होतं, फक्त ते टिकवायला मागे कोणी नव्हतं.

गोल्डचा सेल इतर जुन्या कॅसेटपेक्षा लवकर का मरतो, तेही सांगतो, कारण या गेमचा सगळा जीव त्यातच आहे. त्या सेलवर सेव्हसोबत एक घड्याळही चालतं. कॅसेटमध्ये हातातल्या घड्याळात असतो तसला क्वार्ट्झचा कण आहे, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. गंमत अशी की ३२ केबीच्या त्या चिपमध्ये बाइटही बरोबर ३२,७६८ असतात. कॅसेट कपाटात पडून असली तरी हे घड्याळ रात्रंदिवस चालू असतं आणि सेल खात राहतं. तुमची कॅसेट २००२ च्या सुमाराची. पूर आला नसता तरी तिचा सेल आजवर टिकणं कठीणच होतं. पाण्याने ते काम एका रात्रीत उरकलं असेल एवढंच. गाळमिश्रित पाणी वीज वाहतं, सेलच्या दोन टोकांमध्ये ते भरलं की सेल तिथेच रिकामा होतो. आईंनी वाळवताना काही चुकवलं असं मनात आणू नका.

आता कॅसेट कशी वाचवायची ते. सगळ्यात आधी, आजच, कन्सोलमधले पेन्सिल सेल काढून ठेवा आणि एमरल्ड पुन्हा लावू नका. पुरातून निघालेल्या वस्तूत गाळाचा बारीक थर पिनांच्या मुळाशी बसलेला असतो. वरून पुसलेलं स्वच्छ दिसतं, आत तो तसाच असतो. हवेतली ओल धरतो, आणि त्यात वीज सोडली की तांबं हिरवं पडत जातं. एकदा चालू झालं म्हणजे बरं झालं असं समजून लोक रोज लावत राहतात, आणि दोन महिन्यांनी पट्टीच तुटलेली घेऊन येतात.

उघडायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. गोल्डच्या स्क्रूला ३.८ मिलिमीटरची खास टोपी लागते. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटचा स्क्रू तीन पात्यांचा असतो. पेनची नळी तापवून स्क्रूवर दाबायचा उपाय मुलं करतात, त्याने प्लास्टिक वितळून खाचेत बसतं आणि मग पुढचा माणूसही हतबल होतो. झाकण निघालं की आत कार्ड दिसतं, पोस्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं. त्यावर रुपयाएवढा सेल, दोन पत्र्याच्या पट्ट्यांनी सोल्डर केलेला. पूर बघितलेल्या कॅसेटमध्ये त्या पट्ट्यांच्या कडेला पांढरट निळी बुरशीसारखी कड धरलेली असते. ती आधी जुन्या मऊ टूथब्रशने कोरडीच झाडायची. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना एकाच दिशेने पुसायच्या. पहिल्या काडीवर गाळाचा काळपट तपकिरी रंग येतो, तिसरी-चौथी पांढरी निघाली की थांबायचं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही लावू नका, बाहेरचं प्लास्टिक विरघळतं. तोंडाने फुंकर मारायची आपली सगळ्यांची सवय होती. तीही सोडा, फुंकरीतली ओल पिनांवरच बसते.

कन्सोलच्या सेलच्या कप्प्यात पांढरी भुकटी दिसली तर तो अल्कलाइन सेलचा पाझर. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब काडीने लावा, थोडं फसफसेल, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

सेल बदलताना एक गोष्ट कधीही करू नका. नव्या साध्या बटण सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवू नका. आत लिथियम आहे, उष्णतेने तो फुगतो, फुटतोही. पट्ट्या कारखान्यातच जोडलेले सेल मिळतात, तेच घ्या. अधिक-उणे कार्डावर छापलेलं असतं. चिकटपट्टीने सेल दाबून बसवायची पद्धतही काही ठिकाणी दिसते. कॅसेट हातातून पडली की त्या सेलचा संपर्क सुटतो आणि पुन्हा सगळं शून्य.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मिरजेचा एक कॉलेजचा मुलगा गोल्डची जोडीदार कॅसेट, सिल्व्हर, घेऊन आला होता. सेव्ह अजून जिवंत होता, सव्वाशे तासांचा. सेल अशक्त झालाय म्हणून वेळेत बदलून घ्यावा, एवढीच त्याची इच्छा. मी जुना सेल काढला, नवा लावला, चालू केलं आणि पर्याय एकच होता, नवा गेम. दोन सेलांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात चिप रिकामी झाली होती. तो काही बोलला नाही, पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर नियम आहे: सेव्ह जिवंत असेल तर तो आधी संगणकावर उतरवल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. यूएसबीने जोडायची कॅसेट वाचणारी छोटी यंत्रं आता मिळतात. सेव्ह फाइल म्हणून उतरवायची, सेल बदलायचा, फाइल परत कॅसेटवर चढवायची. दहा मिनिटांचं काम आहे.

म्हणूनच तुमच्या एमरल्डबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे गमावण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे.

एमरल्ड अमेरिकेत २००५ मध्ये आला. तोवर पद्धत बदलली होती. त्यात सेव्ह १२८ केबीच्या फ्लॅश चिपमध्ये जातो, मोबाईलमधल्या मेमरी कार्डासारखा. त्याला वीज लागत नाही. आतला छोटा सीआर१६१६ सेल फक्त घड्याळासाठी आहे. सूचनेचा अर्थ एवढाच की घड्याळ थांबलं, गेम खेळता येईल, पण वेळेवर घडणाऱ्या गोष्टी घडणार नाहीत. लावलेली बेरीची झाडं वाढणार नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी बदलणार नाही, रोजची लॉटरी नव्याने निघणार नाही. बाकी सगळा प्रवास, सगळ्या लढती, बॅटल फ्रंटियरच्या सातही जागा, शाबूत.

आपल्याकडे त्या काळात आलेल्या एमरल्डमध्ये नकली खूप होत्या, त्यामुळे तुमची तपासून घ्या. नकलीत घड्याळच नसतं, म्हणून तीही पहिल्या दिवसापासून बॅटरी संपल्याचं सांगते. नुसत्या सूचनेवरून काही ठरत नाही. अस्सलची खूण सांगतो. कॅसेटचं तोंड उजेडाकडे धरून आत बघा, सोनेरी पिनांच्या जरा वर कार्डावर निन्टेन्डो असं बारीक छापलेलं असतं. समोरच्या लेबलवर दोन आकडे आणि बहुधा एक अक्षर दाबून उठवलेलं असतं, तिरप्या उजेडात दिसतं. हिरव्या पारदर्शक प्लास्टिकमधून आतला सेलही दिसतो. तुमचा सेव्ह इतकी वर्षं आणि एक पूर पचवून राहिलाय, यावरून मला ती अस्सल वाटते. नकलीत बहुतेकदा सेव्हही सेलवरच असतो, आणि तो चॅम्पियन झाल्यावरच्या सेव्हला नेमका दगा देतो.

अस्सल निघाली तर सेल बदलायची घाई करू नका. हे उलटं वाटेल, म्हणून कारण देतो. नवा सेल घातला की आतलं घड्याळ पहिल्या दिवसापासून मोजायला लागतं. तुमच्या सेव्हमध्ये मात्र ‘इतके दिवस झाले’ अशी जुनी नोंद आहे. गेम दोन्ही ताडून बघतो आणि ठरवतो की वेळ अजून पुढे सरकलेलीच नाही. त्या नोंदीच्या पुढे घड्याळ जाईपर्यंत, म्हणजे कदाचित काही वर्षं, झाडं तशीच. घड्याळाची नोंद दुरुस्त करायची सोय आहे, पण तीही सेव्ह उतरवून घेतल्यावर करायची. तेव्हा क्रम असा ठेवा: सफाई, सेव्हची प्रत, मग मनात असेल तर सेल. ती प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि एक दादांनाही पाठवा. मोबाईलवरच्या एका फोटोपेक्षाही ती फाइल लहान असते.

(दादाच्या गोल्डमधलं काही एमरल्डमध्ये आणता आलं असतं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. गोल्ड-सिल्व्हरची देवाणघेवाण मागच्या रेड-ब्लूशी होते, पुढच्या पिढीशी होत नाही. तिथे कंपनीनेच भिंत घातली होती. लिंक केबल मिळाली तरी उपयोग नाही, त्यामुळे त्याची हळहळ नको.)

खेळायचं कशावर, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. गेम बॉय ॲडव्हान्स २००१ चा, त्याच्यात गेम बॉय, गेम बॉय कलर आणि स्वतःच्या, अशा तिन्ही कॅसेट चालतात. गोल्ड लावल्यावर चित्र मधोमध लहान दिसेल. खांद्यावरच्या एल-आर बटणांनी ते रुंदीला ताणता येतं आणि परत मूळ मापात आणता येतं. ताणू नका, माणसं बुटकी दिसतात. एकच अडचण, या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. ज्यांनी लोडशेडिंगच्या संध्याकाळी इमर्जन्सी लाइट खांद्यावर तिरका धरून हा खेळलाय त्यांना ते सांगायला नको. सकाळी खिडकीशी, पाठीमागून ऊन येईल असं बसलात तर त्या पडद्याइतके शांत रंग मला आजच्या कुठल्याही पडद्यावर दिसत नाहीत. रात्रीच खेळायला जमणार असेल तर घडीचा ॲडव्हान्स एसपी बघा. त्यातही मागून उजेड असलेलं मॉडेल उत्तम, त्याचा क्रमांक एजीएस-१०१, मागच्या स्टिकरवर असतो. नवा आयपीएस पडदा बसवून घेता येतो, तो सुंदरही दिसतो, पण त्यासाठी मूळ कवच आतून तासावं लागत असेल तर हा तुमच्या घरातला कन्सोल त्या कामाला देऊ नका. सेल जास्त खातो हेही आहेच. निन्टेन्डो डीएस लाइट स्वस्तात मिळाला तर त्यात एमरल्ड चालेल, गोल्डची कॅसेट मात्र बसणारही नाही.

पेन्सिल सेल अल्कलाइन घ्या किंवा चांगले चार्जेबल. आणि खेळून झालं की आठवडाभर हात लागणार नसेल तर काढून ठेवा.

मोबाईलवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लावायचा पर्याय तुम्ही लिहिलाय. दुसऱ्या कुठून उतरवलेला गेम मी गिऱ्हाइकाला भरून देत नाही, स्वतःच्या कॅसेटची प्रत काढून ती मोबाईलवर चालवणं वेगळं, ते मी समजू शकतो. निन्टेन्डोने नंतरच्या थ्रीडीएस या कन्सोलवर गोल्ड अधिकृतपणे विकलाही होता, सप्टेंबर २०१७ पासून, पण ते दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं. डीएससाठी २००९ मध्ये याच गेमचं नवं रूप निघालं, हार्टगोल्ड. ते खरोखर चांगलं आहे. तरी तुमच्या हातात दादाची कॅसेट असताना मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. एम्युलेटरला माझी खरी हरकत एकाच बटणावर आहे, वेग वाढवायच्या. ते बटण एकदा हाताला लागलं की सुटत नाही, आणि या गेममधून घाई न करणं काढून घेतलं तर फारसं काही उरत नाही.

तर आता तिसरा प्रश्न, राम आहे का.

हा गेम जपानमध्ये २१ नोव्हेंबर १९९९ ला आला, इंग्रजीत २००० च्या ऑक्टोबरमध्ये. आधीच्या रेड-ग्रीनने (बाहेर तेच रेड-ब्लू) १९९६ मध्ये दीडशे प्राणी, म्हणजे पोकेमॉन, पकडायला लावले होते, पण त्या जगात कायम दुपार होती. गोल्डने शंभर नवे प्राणी आणले, अंडी आणली, दोन नवे प्रकार आणले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दिवस-रात्र आणली, खऱ्या घड्याळाची. पहाटे चार ते दहा सकाळ, दहा ते संध्याकाळी सहा दिवस, पुढे रात्र. तुमच्या गल्लीत अंधार पडला की तिथेही पडतो. रात्रीच्या गवतात हूटहूट नावाचं घुबड भेटतं, दिवसा नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार किडे पकडायची स्पर्धा. शुक्रवारी युनियन केव्हच्या तळाशी लॅप्रस येतं, इतर सहा दिवस तिथे फक्त पाणी. कर्ट नावाचे म्हातारबाबा फळापासून प्राणी पकडायचे चेंडू बनवून देतात, पण आज दिलं तर उद्या. त्यांना घाई करता येत नाही. (मून बॉलसाठी मात्र फळं घालवू नका, त्यात प्रोग्रॅमची चूक राहिलीय, तो साध्या चेंडूइतकंच काम करतो.)

बाराव्या वर्षी मला याचा राग यायचा. शुक्रवार गेला की आठ दिवस थांबा, हा काय खेळ झाला? आता उलटं झालंय. दुकान बंद करून घरी आल्यावर मी वीस-पंचवीस मिनिटं खेळतो. एका बैठकीत एक वाट, एखादी लढत, कर्टकडे एक फळ. गेमच सांगतो की आजचं एवढंच, बाकीचं उद्या. आजचे मोबाईल गेमही रोज बोलावतात, पण ते न आल्याचं नुकसान दाखवून बोलावतात. गोल्डमध्ये शुक्रवार चुकला तर काहीही बुडत नाही. लॅप्रस पुढच्या शुक्रवारी तिथेच असतं. मोठ्या वयाच्या, कामाधामाच्या माणसाला इतका सोयीचा गेम मी दुसरा बघितलेला नाही. लहानपणी तो आपल्याला एका सुट्टीत संपवायचा होता, आणि बनवलाय मात्र रोजच्या दिवसाच्या कडेला ठेवण्यासाठी.

मोठेपणी आणखी काय दिसतं, तर गेममधली आई. सुरुवातीला ती पोकेगिअर नावाचा फोन देते आणि पुढे विचारते, तुझे थोडे पैसे बाजूला टाकू का. हो म्हटलं की प्रत्येक लढतीच्या कमाईतला हिस्सा तिच्याकडे जमा. मग अधूनमधून तिचा फोन येतो: तुझ्या पैशातून अमुक घेतलं, तुला आवडेल वाटलं. लहानपणी मी नाही म्हणायचो, माझे पैसे मलाच हवे होते. गेल्या वर्षी हो म्हटलं. गेममधल्या गोल्डनरॉड शहरात दुकानाबाहेर उभा असताना तिचा फोन आला तेव्हा मी खेळ थांबवून तसाच बसलो होतो थोडा वेळ.

आता खोट सांगतो, कारण तुम्ही वेळ घालवणार आहात. पहिला दगड गोल्डनरॉडचाच, तिथे बिल्ल्यासाठी जिच्याशी लढावं लागतं त्या व्हिटनीची मिल्टँक. ती लोळत येते आणि प्रत्येक फेरीला मार दुप्पट होतो. पहिली फेरी चिमटा काढल्यासारखी, तिसरीला जखम, चौथीला तुमचा भिडू आडवा. तुम्ही तिला निम्म्यावर आणलंत की ती दूध पिऊन पुन्हा ताजी. वर तुमचा प्राणी नर असेल तर भुरळ घालते, तो अर्ध्या वेळा हातच उचलत नाही. यात पोरं रडलेली मला माहीत आहेत. उपाय तीन, आणि तिन्ही त्याच्या आधीच हाताशी असतात. मादी ठेवा, भुरळ लागत नाही. दगडी जिओड्यूड ठेवा, त्याला लोळणीचा मार कमी बसतो. आणि त्याच शहरातल्या मोठ्या दुकानात पाचव्या मजल्यावर ड्राउझी देऊन मचॉप मिळतो तो घ्या, त्याच्या लढाऊ माराला ती कच्ची आहे. ड्राउझी शहराच्या दक्षिणेच्याच गवतात सापडतं. पैसे वाया न घालवता, ताकद न वाढवता, नुसतं आजूबाजूला फिरून प्रश्न सुटतो. बनवणाऱ्यांनी तो तसाच मांडलाय.

दुसरी खोट खरी आहे, तिला उपाय नाही. जोहटो या गेमच्या मुख्य प्रदेशाचे आठ बिल्ले मिळवून चॅम्पियन लान्सला हरवलं की वाटतं संपलं, आणि मग जुन्या गेमचा सगळा कांटो प्रदेश उघडतो, आणखी आठ बिल्ले. एवढ्याशा कॅसेटमध्ये हे मावावं यासाठी सातोरू इवाता यांनी चित्रं दाबून बसवायची साधनं स्वतः लिहून दिली होती. ते पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. पण ताकदीचा चढ तिथे बिघडतो. लान्सचा सर्वांत बलवान ड्रॅगनाइट ५० व्या पातळीचा. अगदी शेवटी माउंट सिल्व्हरवर जो मुलगा उभा असतो, आधीच्या गेमचा नायक, त्याचा पिकाचू ८१ व्या. या दोघांच्या मधे सराव करायला जोडीचे भिडूच नाहीत, त्याच त्याच लढती पुन्हा कराव्या लागतात. इथे बरेच जण सोडून देतात. मी म्हणेन, लान्सला हरवून थांबायला काही हरकत नाही. कांटोत नंतर सावकाश फिरा, ते गाव सोडून गेलेल्या माणसाने तीन वर्षांनी परत येऊन बघावं तसं आहे. म्युझियम बंद पडलेलं, स्मशानाच्या मनोऱ्यात आता रेडिओ केंद्र, ज्वालामुखीने एक अख्खं गाव गिळलेलं. आपण पूर बघितलेली माणसं. सिनाबार बेटाच्या त्या उघड्या खडकावर मोडक्या घरांऐवजी एकटं आरोग्यकेंद्र उभं दिसलं तेव्हा मला २०१९ नंतरची आपली नदीकाठची गल्ली आठवली. लहानपणी मी तिथून न बघता पुढे गेलो होतो.

दादाचा सेव्ह गेला याचं दुःख मी पुसू शकत नाही. पण एक सुचवतो. या कॅसेटमध्ये सेव्हची जागा एकच असते, म्हणून लहानपणी तुमच्या घरातही ‘माझ्यावर सेव्ह केलास’ ही भांडणं झाली असतील. सेल बदलून दिल्यावर नवा गेम तुम्ही एकट्या सुरू करू नका. दादा दिवाळीला येणार आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा नाव त्यांना टाकू दे, पहिला प्राणीही त्यांनीच निवडावा. मग कॅसेट तुमच्याकडे ठेवा, रोजचा अर्धा तास तुम्ही खेळा. जोहटो संपायला दोन-अडीच महिने लागतील. अधूनमधून सेव्ह उतरवून त्यांना पाठवलात तर ते तिकडे तोच प्रवास पुढे नेऊ शकतील.

सुरुवातीला अंधाऱ्या पडद्यावर गेम वेळ विचारतो. भिंतीवरच्या घड्याळात बघून खरीच टाका. गेममधली आई वार विचारेल तोही खरा. उन्हाळी वेळ लागू आहे का विचारेल तिथे नाही म्हणा, आपल्याकडे ती नसते. चुकलं तरी घाबरू नका, पहिल्या पडद्यावर खालच्या बाणाचं बटण, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबलं की घड्याळ पुन्हा लावता येतं, फक्त त्याला आकड्यांची एक परवली लागते. ती तुमचं नाव, ओळख क्रमांक आणि जवळचे पैसे यांवरून निघते, तेव्हा ते तिन्ही कागदावर लिहून ठेवा.

दोन्ही कॅसेट एका पिशवीत घालू नका, वेगवेगळ्या कोरड्या कागदात गुंडाळून आणा, आणि कन्सोलही आणा. मी आधी एमरल्डचा सेव्ह तुमच्यासमोर उतरवतो, मगच गोल्ड उघडू.